देखणी, हलती-बोलती वेबसाईट आणि तरी मजकूर आपल्याच हातात: सांगली-मिरजेकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेबसाईटचं काम घेऊन कुणीही आलं, मार्केट यार्डातला अडत्या असो, मिरजेचा सतारमेकर असो की कॉलेजच्या ऑफिसातली माणसं, तरी चहा येईपर्यंत दोन मागण्या पुढ्यात पडलेल्या असतात. "जरा भारी दिसली पाहिजे, हलती-बिलती." आणि लगोलग, "पण बारीकसारीक बदलायला सारखं तुमच्याकडं यायला लागू नये." दोन्ही रास्त आहेत. त्या एकदम कशा पुऱ्या करायच्या यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केलेत. घाईत असाल तर दुसरा प्रश्न आणि डोमेन (म्हणजे साईटचा पत्ता) व पासवर्ड कुणाकडं ठेवायचे तो प्रश्न तेवढा वाचा.

देखणं डिझाईन आणि सोपं अपडेट, दोन्ही एका साईटवर खरंच जमतं का?

जमतं, पण आपोआप नाही. बिनसतं ते मजकूर सजावटीत कालवल्यामुळं. फ्लॅशच्या साईट आठवत असतील तर बघा: पडदा उघडायचा, संगीत वाजायचं, मेन्यू उडत यायचा. आणि ऑफिसचा फोन नंबर बदलायचा म्हटलं की मूळ फाईल उघडून सगळं नव्यानं बांधावं लागायचं. ती मूळ फाईल ज्याच्याकडं, तो पोरगा तोवर पुण्याला नोकरीला लागलेला. फ्लॅशवाल्या अडोबी कंपनीनं ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनं फ्लॅश चालवणंच थांबवलं. तोवर ज्यांनी साईट बदलली नव्हती, त्यांचा सगळा मजकूर त्या डब्यातच अडकला.

फ्लॅश गेलं, खोड गेली नाही. कोरल ड्रॉमध्ये केलेलं पत्रक जेपीजी करून मुख्य पानावर चिकटवायचं आणि प्रवेशाच्या तारखा त्या चित्राच्या आत, हे आजही सर्रास चालतं. तारीख एका दिवसानं पुढं गेली की डीटीपीवाल्याला शोधा.

आता ब्राउझरलाच हालचाल येते, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या त्याला कळणाऱ्या भाषांतून. मजकूर डेटाबेसमध्ये वेगळा राहतो आणि पान उघडताना दोघं एकत्र येतात. म्हणून आमचा नियम एकच: जे बदलणार ते साध्या रकान्यात, जे हलणार ते टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात. पुढची बहुतेक उत्तरं याच नियमातून निघतात.

रकाने म्हणजे नेमकं काय? आम्हाला फॉर्मच भरायचाय का?

हो, फॉर्मच. आणि तो कंटाळवाणा असणं हीच त्याची खुबी.

मिरजेच्या वाद्यांचं घ्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. समजा, सतारमेकर गल्लीतल्या एका कारखान्याला तंबोऱ्यांचं पान करायचंय. फोटोत भोपळ्यावर, तबलीवर, घोडीवर बोट ठेवलं की त्या भागाची माहिती उघडावी आणि तारेवरून बोट फिरवलं की तार वाजावी. कल्पना झकास आहे, कारण फोटो बघून कुणी तंबोरा घेत नाही. जवारी, म्हणजे तारेच्या नादातली गुंज ऐकतो, मग किंमत विचारतो.

चुकीची वाट अशी: डिझाइनर एका तंबोऱ्याचा सुंदर फोटो घेतो, त्याचे चार आवाज कोडमध्ये ठोकून बसवतो, पान उघडलं की सगळे वा म्हणतात. महिन्याभरात तो तंबोरा विकला जातो. आता पानावर विकलेला माल वाजतोय आणि नवा चढवायला पुन्हा डिझाइनर पाहिजे.

बरोबर वाट अशी: मागच्या बाजूला 'तंबोरा' नावाचा नोंदीचा एक प्रकार करायचा. नवी नोंद उघडली की रकाने दिसतात: नाव, पट्टी, लांबी, लाकूड, फोटो, पंचम, जोडीच्या दोन तारा आणि खर्ज यांच्या चार आवाजाच्या फाईली, किंमत दाखवायची की 'चौकशी करा' लिहायचं, आणि शेवटी एक खूण: विकला. मालकाच्या पोरानं फोनवर आवाज टिपले, फोटो काढला, रकाने भरले, झालं. बोट फिरवल्यावर तार थरथरणं, माहितीची पट्टी सरकत येणं, हे टेम्प्लेटमध्ये एकदाच लिहिलेलं असतं आणि प्रत्येक नव्या तंबोऱ्याला फुकटात मिळतं. 'विकला' वर खूण केली की तो यादीतून निघून 'आमची कामं' या पानावर जातो.

यात एक बारीक गोम आहे. फोटोवरचे ठिपके भोपळ्यावर आणि घोडीवर नेमके बसायचे तर दर फोटोला जागा पुन्हा दाखवावी लागेल. त्यापेक्षा भिंतीवर खूण करा, कॅमेरा तिथंच ठेवा, तंबोरा दर वेळी त्याच जागी उभा करा. ठिपके एकदाच बसवून भागतं. सॉफ्टवेअरचा अर्धा प्रश्न कारखान्यात खडूनं सुटतो.

पान उघडल्या उघडल्या तंबोरा वाजावा, हा हट्ट मात्र सोडा. वाचणाऱ्यानं पानाला हात लावल्याशिवाय ब्राउझर सहसा आवाज सोडू देत नाहीत, आणि ते बरंच आहे.

वर्डप्रेसच घ्यायचं का?

बहुतेकांनी, हो. वेबसाईटचा मजकूर भरायचं, बदलायचं हे मुक्त सॉफ्टवेअर २००३ साली सुरू झालं, आणि जगातल्या दर दहा वेबसाईटमागं चाराच्या आसपास त्यावर चालतात. आपल्या दृष्टीनं त्याचा खरा फायदा वेगळाच आहे. एका डेव्हलपरशी पटलं नाही तर दुसरा विश्रामबागेत मिळतो, नाही तर कोल्हापुरात मिळतो. माणूस बदलला म्हणून साईट बदलावी लागत नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये पाचव्या आवृत्तीबरोबर ब्लॉक एडिटर आला, तेव्हापासून परिच्छेद, फोटो, तक्ता असे ठोकळे रचून पान करता येतं. वर सांगितलेले नोंदींचे प्रकार वर्डप्रेसमध्ये मुळातच करता येतात, आणि रकाने जोडायला ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्ससारखं प्लगइन, म्हणजे वरून बसवायचं जोड-सॉफ्टवेअर पुरतं.

खूप विभाग आहेत, कुणी काय बदलायचं याचे नियम किचकट आहेत, मंजुरीच्या पायऱ्या आहेत, तर ड्रुपल या वर्डप्रेससारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरचा विचार करावा. आणि पाचच पानांची साईट वर्षातून एकदा बदलणार असेल तर काहीच बसवू नका. ह्यूगो किंवा ॲस्ट्रो या तयार पानं काढून देणाऱ्या साधनांनी साधी पानं बनवून ठेवा. तिथं हॅक करायला लॉगिनच नसतं.

पेज बिल्डर (माउसनं ओढून पान रचायचं साधन) घेतला तर आम्हीच सगळं ओढून-ताणून बसवू की?

पहिला आठवडा मजेत जातो. मग ज्याच्या हाती लॉगिन, तो आपल्या आवडीचा रंग देतो. एक शीर्षक लाल, दुसरं जांभळं, तिसऱ्याला सावली, मध्येच एक फिरता तारा. सहा महिन्यांत पान बेंदराच्या बैलासारखं दिसायला लागतं. बैलाला ते शोभतं.

नोटीस टाकायला आलेल्या माणसाला डिझाईनचं स्वातंत्र्य नको असतं. त्याला नोटीस टाकून पाच वाजता घरी जायचं असतं.

दुसरी अडचण अडकून पडण्याची. काही बिल्डर बंद केले की मजकुराच्या जागी चौकोनी कंसातल्या कोडची रांग उरते. घेण्याआधी चाचणीच्या साईटवर बिल्डर बंद करून बघा; मजकूर सरळ वाचता आला तर पुढं जा. प्रदर्शन, प्रवेश सप्ताह, एखादी योजना अशा चार दिवसांच्या पानाला बिल्डर ठीक आहे. रोजच्या नोंदींना नको.

हेडलेस म्हणजे काय? एक जण म्हणाला तेच घ्या.

मजकूर भरायची खोली एका सॉफ्टवेअरची आणि दर्शनी भाग पूर्णपणे वेगळा लिहिलेला. स्ट्रॅपी, डिरेक्टस, सॅनिटी ही त्यातली माहितीतली नावं. वर्डप्रेसही असा वापरता येतो. समोरच्या भागावर डेव्हलपरला हवं ते करता येतं, तोच मजकूर मोबाईल ॲपलाही देता येतो.

पण दोन यंत्रणा सांभाळायच्या म्हणजे दोन बिलं, दोन अपडेट, दोन ठिकाणी बिघाड. शिवाय 'प्रसिद्ध करण्याआधी कसं दिसेल' हे बटण, जे वर्डप्रेसमध्ये आयतं मिळतं, ते इथं कष्टानं जोडावं लागतं. ते जोडलं नाही तर ऑफिसातला माणूस आंधळेपणानं मजकूर टाकतो आणि दहा वेळा फोन करतो. ॲप, वेबसाईट आणि दुकानातला पडदा या तिन्हींना एकच मजकूर जाणार असेल तर घ्या. नाही तर तो डेव्हलपरचा शौक आहे, बिल तुमचं.

रोज बदलणारा आकडा आणि ॲनिमेशन एकत्र आलं की दर वेळी डेव्हलपर लागणारच ना?

उलट. आकडा बदलला की चित्र आपसूक बदलावं, हेच तर ॲनिमेशनचं काम.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. समजा, एखाद्या स्थानिक बातमीपत्राला पावसाळ्यात पुलाचं चित्र हवंय: कमानी, खांबावर फुटांच्या खुणा, आणि पाणी आजच्या पातळीपर्यंत चढलेलं. मागं फक्त तीन रकाने लागतात: फूट, इंच, नोंदीची वेळ. तेवढं भरलं की पाणी चढतं, ४० ओलांडलं की रंग पालटतो, ४५ ओलांडलं की पुन्हा पालटतो. चित्राला कुणी हात लावत नाही.

फूट आणि इंच वेगळे का? कारण आपल्याकडं पातळी '४३ फूट ७ इंच' अशी सांगतात आणि एकच रकाना दिला की माणूस ४३.७ टाइप करतो. दशांशात ते साधारण ४३ फूट ८ इंच होतात. एरवी चालून जाईल, पण पाणी धोका पातळीला टेकलेलं असताना एक इंचाची चर्चा रात्रभर चालते.

अशा पानाला आणखी तीन बंधनं घालायची. इंचाच्या रकान्यात ११ च्या वर काही घेऊच नये. नोंद काही तासांपेक्षा जुनी झाली की चित्र करडं व्हावं आणि वर 'जुनी नोंद' असं दिसावं, कारण कालचं पाणी आजचं म्हणून दाखवणारी साईट नसलेली बरी. आणि आकडा, वेळ व आकडा कुठून घेतला हे आधी साध्या अक्षरांत यावं, चित्र नंतर. पुरात लाईट गेलेली असते, फोनची बॅटरी संपत आलेली असते, रेंज एक काडी. ज्याला नावेची वाट बघायचीय त्याला लाटा हलताना बघायच्या नसतात.

आम्हाला हळदीचे, बेदाण्याचे रोजचे दर टाकायचेत. आलेखही हवा. दिवाणजी फोनवरून टाकू शकतील का?

हे तर सगळ्यात सोपं. राजापुरी, परपेठ अशी हळदीची नावं, हिरवा, पिवळा, काळा असा बेदाणा, त्यापुढं किमान, कमाल, सरासरी आणि आवक. नावं एकदा भरून ठेवायची, दिवाणजींनी आकडे तेवढे टाकायचे. आलेख जुन्या नोंदींवरून स्वतः काढला जातो. वर्डप्रेसमध्ये शिरायचीच धास्ती असेल तर गूगल शीट द्यावी. साईट त्या शीटमधून आकडे उचलते. एक्सेल लोकांना येतं, निम्मं शिकवणं वाचतं.

इथं हमखास नडणारी गोष्ट आकड्यांची आहे. फोनचा कीबोर्ड मराठीत असला की दर देवनागरी आकड्यांत टाइप होतो, आणि जावास्क्रिप्टला देवनागरी आकडा हा आकडा वाटतच नाही. आलेखात त्या दिवशी खड्डा पडतो. कुणी स्वल्पविराम टाकतं, कुणी पुढं 'रु.' लिहितं. दिवाणजींना ओरडून उपयोग नाही; रकान्यानंच हे सगळं गिळून साफ आकडा ठेवला पाहिजे. डेव्हलपरचं दहा ओळींचं काम आहे, पण ते मागावं लागतं.

हळद क्विंटलला आणि बेदाणा किलोला, हे एकक शीर्षकातच लिहा. बाहेरगावच्या व्यापाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही.

मराठी मजकुराला इंग्रजी साईटसारखं ॲनिमेशन का जमत नाही? अक्षरं तुटतात.

कारण टेम्प्लेट इंग्रजी अक्षरांसाठी बनलेलं असतं आणि आपण त्यात मराठी ओततो.

अक्षरं एकेक करत उगवतात, ते ॲनिमेशन बघितलं असेल. त्यात प्रत्येक अक्षर वेगळ्या डब्यात टाकतात. 'कृष्णाकाठ' त्यात घातलं की क वेगळा, त्याची ऋकाराची खूण ठिपक्यांच्या गोलावर लटकलेली, ष आणि ण ची फारकत, काना एकटाच पळतोय. युनिकोडचं (सगळ्या लिप्यांसाठीच्या प्रमाण अक्षर-संकेताचं) गणित पाळून तोडलं तरी शिरोरेघ मध्ये मध्ये तुटतेच. मराठीत शब्दाच्या पातळीवर तोडावं: एकेक शब्द उगवू द्या, नाही तर ओळच्या ओळ सरकत येऊ द्या. तेवढंच देखणं दिसतं.

दुसरं, अक्षरांमधलं अंतर वाढवायची हौस. इंग्रजी मोठ्या लिपीत ते ऐटदार दिसतं. मराठीत शिरोरेघेला भोकं पडतात. लेटर-स्पेसिंग मराठीला शून्य ठेवा, हे डेव्हलपरला लेखी द्या. तिसरं, ओळींमधली जागा. इंग्रजीच्या मापानं ठेवली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला धडकतो, आणि बटणात तर मात्रा अर्धी कापली जाते. चाचणीला 'हुतूतू' आणि 'र्‍हस्व-दीर्घ' असे शब्द टाकून बघा, टेम्प्लेटचं खरं रूप कळतं.

फॉन्ट आता चांगले आणि मोफत आहेत: मुक्त, बलू, नोटो सान्स देवनागरी, तिरो देवनागरी मराठी. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगितलेलं असावं. सोय असलेले फॉन्ट त्यावरून 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे दाखवतात, आणि दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही मराठी आवाज निवडतं.

राहिलं जुन्या मजकुराचं. प्रेसमधून आलेला मजकूर श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तो साईटवर चिकटवला की चित्रविचित्र इंग्रजी चिन्हं दिसतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि बदलल्यावर माणसानं वाचावाच लागतो. रफार आणि जोडाक्षरं तिथं हटकून घसरतात. स्मरणिका, वार्षिक अंक साईटवर आणायचे असतील तर या कामाचे वेगळे दिवस धरा.

ॲनिमेशनच्या साधनांचे वेगळे पैसे पडतात का?

सहसा नाही. निम्मं काम साध्या सीएसएसमध्ये होतं. जीसॅप हे नावाजलेलं साधन २०२५ पासून पूर्ण मोफत झालं. नकाशाला लीफलेट आणि ओपनस्ट्रीटमॅप आहेत. पैसे पडतात ते करणाऱ्याच्या वेळेचे.

एवढं सगळं टाकल्यावर साईट जड होणार नाही का?

होते, आणि तिला जड करणारी गोष्ट बहुतेक वेळा ॲनिमेशन नसते, फोटो असतात. स्नेहसंमेलनाचे चाळीस फोटो, फोनमधून थेट, एकेक चार-पाच एमबीचा. ते छोटे करून टाका म्हणून ऑफिसला सांगणं व्यर्थ आहे. साईटनंच करायला हवं. वर्डप्रेस २५६० पिक्सेलच्या वरचा फोटो स्वतः लहान करतं, वेगवेगळ्या मापाच्या प्रती बनवतं, वाचणाऱ्याच्या फोनला बेताची प्रत देतं. त्याला वेबपी या हलक्या फोटो-फाईलच्या प्रकाराची जोड दिली की वजन आणखी उतरतं.

गूगलची मोजमापं सांगण्यासारखी आहेत: पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, आणि वाचताना मजकूर खाली-वर उडू नये, म्हणजे त्या मापात ०.१ च्या आत राहावा. कामाच्या करारात हे तीन आकडे लिहून घ्या. 'फास्ट असेल' या शब्दाला काही वजन नाही.

मुख्य पानावर ड्रोनचा व्हिडिओ पार्श्वभूमीला चालवायची फर्माईश दर दुसऱ्या माणसाची असते. आमचं मत: नको. फार तर एक स्थिर चित्र आणि त्यावर 'व्हिडिओ बघा' बटण. साईट पास करताना ऑफिसच्या वायफायवर बघू नका. साधा अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा आणि जतच्या एसटीत बसून उघडा.

ऑफिसातल्या माणसानं चुकून सगळं बिघडवलं तर?

ही भीती घालवणं हेच सोप्या अपडेटचं मूळ काम आहे. चुकता येऊ नये आणि चुकलं तर मागं जाता यावं, एवढं पाहिजे.

वर्डप्रेसमध्ये भूमिका असतात. सगळ्यांना ॲडमिनिस्ट्रेटर करू नका. नोटीस टाकणारा ऑथर, सगळ्यांचं तपासणारा एडिटर, आणि ॲडमिनची किल्ली एक-दोघांकडं. ब्लॉकला कुलूप लावता येतं, म्हणजे मजकूर बदलतो पण रचना हलत नाही. जुन्या आवृत्त्या साठत जातात. काल दुपारचं पान हवं तर ते परत मिळतं.

याहून जास्त फरक रकान्यांच्या नावांनी पडतो. 'हीरो टायटल' असं लिहिलेल्या रकान्यात काय भरायचं हे कुणाला कळणार? तिथं 'मुख्य पानावरची मोठी ओळ, ६० अक्षरांच्या आत' असं लिहा, खाली एक नमुना द्या. तारखेला कॅलेंडर द्या, टाइप करायला लावू नका. ज्याला हवं त्याला आतली खोली मराठीत दिसते. ती भाषा प्रत्येकाला आपापली निवडता येते.

आणि तारखेची कामं माणसावर सोडू नका. नाट्यसंस्थेनं भावे नाट्यमंदिरातला प्रयोग टाकला की दुसऱ्या दिवशी तो 'येणारे प्रयोग' मधून आपोआप 'झालेले प्रयोग' मध्ये जावा. गेल्या दिवाळीचा प्रयोग मुख्य पानावर झळकत राहतो तो कुणाच्या आळसामुळं नाही. काढायला कुणाला सांगितलेलंच नसतं.

वयस्कर माणसांना, दृष्टिहीनांना हे हलतं पान वापरता येईल का?

येईल, जर आधीपासून धरलं तर. फोनमध्ये 'हालचाल कमी ठेवा' अशी सेटिंग असते. ती लावलेली असेल तर पानानं गप्प उभं राहावं. नुसत्या कीबोर्डनं सगळी बटणं गाठता यावीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उठावाचं प्रमाण किमान ४.५ ला १ असावं. फिक्या केशरीवर पांढरी अक्षरं या कसोटीत पडतात, आणि आपल्याकडं तीच जोडी लाडकी आहे.

गूगलवर दिसेल का?

मजकूर अक्षरांत असेल तर दिसेल. चित्रात असेल तर त्याचा भरवसा धरू नका.

डोमेन .भारत घ्यावं का?

२०१४ पासून देवनागरीत मिळतं. फलकावर छान दिसतं, म्हणून घ्या आणि मुख्य साईटकडं वळवून ठेवा. ईमेलसाठी मात्र .इन किंवा .कॉम ठेवा, देवनागरी पत्त्यावरचा ईमेल अजून सगळीकडं पोचत नाही.

डोमेन, होस्टिंग (साईट ठेवायची सर्व्हरवरची जागा), पासवर्ड हे तुमच्याकडंच राहू दे का?

नको. डोमेनचं खातं संस्थेच्या ईमेलवर आणि ओटीपी संस्थेच्या नंबरवर. आमच्याकडं आलेल्या एका संस्थेची साईट ऐन प्रवेशाच्या जूनमध्ये बंद पडली होती. डोमेन आधीच्या डेव्हलपरच्या खात्यात, मुदत संपलेली, आणि तो फोन उचलत नव्हता. साईटमध्ये एक अक्षर बिघडलेलं नव्हतं. डोमेन एकदम दहा वर्षांपर्यंत भरता येतं. संस्थेचे पदाधिकारी बदलत असतील तर तसंच भरा.

काम संपताना या गोष्टी हातात घ्या: डोमेन आणि होस्टिंगचं लॉगिन, ॲडमिनचं लॉगिन, डिझाईनच्या मूळ फाईली, विकत घेतलेल्या प्लगइनच्या पावत्या आणि परवाने, आणि पूर्ण साईटचा एक बॅकअप. बॅकअप दर आठवड्याला आपोआप दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जावा. ऑफिसच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर तो ठेवणार असाल तर २०१९ ला तळमजल्यावरच्या ऑफिसांत पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्याला विचारा.

तुमच्याकडं येताना काय घेऊन यायचं?

आवडलेल्या साईटची यादी नंतर दाखवा. आधी एक कागद घ्या आणि त्यावर साईटवरचं काय काय बदलणार ते लिहा: रोज, महिन्याला, वर्षाला. त्यापुढं ते बदलणाऱ्याचं नाव. 'ऑफिस' असं नको, माणसाचं नाव. ज्या ओळीपुढं नाव सुचत नाही तो विभाग साईटवर घेऊच नका. 'ताज्या घडामोडी' हा विभाग इथंच गळतो. मग कुठली एक गोष्ट बघणाऱ्यानं हाताळावी असं वाटतं, ती सांगा. एकच. तंबोरा असेल, दराचा आलेख असेल, कॉलेजचा नकाशा असेल. सगळी कारागिरी तिथं ओतू, बाकीची पानं साधी आणि चपळ ठेवू.

पैसे घालण्याआधी हे सगळं हातानं करून बघता येईल का?

येईल. वर्डप्रेस प्लेग्राउंड नावाची सोय आहे; काही न बसवता ब्राउझरमध्येच पूर्ण वर्डप्रेस उघडतं. ज्या माणसाचं नाव तुम्ही कागदावर लिहिलंय त्यालाच बसवा, तुम्ही माउसला हात लावू नका. एक नोटीस लिहायला, एक फोटो चढवायला, उद्याच्या तारखेला प्रसिद्ध होईल असं लावायला सांगा. कुठं अडला ते टिपा आणि ती यादी आम्हाला द्या. तिथलं काम जतन न करता टॅब बंद केला तर सगळं जातं, तेवढं त्याला आधी सांगून ठेवा.